स्टँडखालची चिठ्ठी

दौंड,
रविवार, दुपार

प्रिय गौतमी,

कॉलेजात चारचौघांत तुला मॅडम म्हणायची जिभेला सवय झाली आहे, पण कागदावर ते जमत नाही. कागदावर तू तळेगाव ढमढेऱ्याच्या ताईबाईंची लेक गौतमीच. हे पत्र मी दौंडहून लिहितो आहे. कस्तुराबाईकडे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीकडे, शुक्रवारी संध्याकाळीच आलो. तुला नवल वाटलं असेल की परीक्षेचे दिवस चालू असताना सावळामामा न सांगता गेले कुठं. तेहतीस वर्षं प्रयोगशाळेत परिचर म्हणून काढली, ताप अंगात असताना बीकर धुतले, आणि आता हे. कारण सांगतो, पण माझ्या चालीनं सांगू दे. एकदम सांगायला गेलो की हात थांबतो. दोन कागद फाडून झाले, हा तिसरा.

उद्या अकरा वाजता चौकशी आहे, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. परीक्षेत सापडलेल्या चिठ्ठ्यांची तक्रार तुझी, आणि समोर उभं राहायचं आहे प्रयोगशाळेतल्या मायाबाईला. तिची नोकरी कंत्राटी. चौकशीत तिच्याविरुद्ध एक ओळ लिहिली गेली की तिला परत बोलावणार नाहीत. तीन वर्षं झाली तिला आपल्याकडे लागून. नवरा घरात नाही, दोन मुली शाळेत, माहेर कासुर्डीला पण तिथंही भावजयीच्या हाताकडे बघावं लागतं. हे तुला ठाऊक नव्हतं म्हणून लिहितो. ठाऊक असतं तर तू तक्रार केली नसतीस असं माझं म्हणणं नाही. करायलाच हवी होती.

येताना गाडीत मला जुलैमधले ते तीन दिवस आठवत होते. तुम्ही आठ जण. एम.एस्सी. होऊन पीएच.डी.ला लागलेले, आपल्या संशोधन केंद्रात आलेले, आणि फेलोशिपच्या बदल्यात पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं घ्यायला बांधलेले. शिक्षण सहायक असं तुमचं भारदस्त नाव. कोण किती घाबरलंय ते मी मागच्या टेबलावरून बघत होतो. पहिले दोन दिवस विभागप्रमुख सरांनी पडद्यावर अध्यापनाची उद्दिष्टं दाखवली. तो चष्मेवाला पोरगा दुसऱ्या दिवशी चक्क घोरला, आणि तू त्याला पेन टोचलंस. तिसरा दिवस माझा. वेळापत्रकात तो कधीच नसतो, तरी दरवर्षी सर म्हणतात, आता मामा तुम्हाला प्रयोगशाळा दाखवतील, आणि निघून जातात.

मी दाखवलं ते तू अक्षरन् अक्षर वहीत उतरवलंस. गॅसची मुख्य तोटी कुठं. कोणतं टेबल हलतं. डोळ्यात काही उडालं तर आधी नळ, मग आरडाओरडा. केरसुणी कुठं असते तेसुद्धा लिहिलंस, तेव्हा मी तुझी चेष्टा केली. मग मी माझं ठरलेलं भाषण केलं. पहिल्या तासाला आवाज चढवू नका, वर्ग आधीच भ्यालेला असतो. येत नसेल तर उद्या बघून सांगते म्हणा, त्यात कमीपणा नाही. जर्नलवर सही करताना वहीकडे नाही, पोराच्या तोंडाकडे बघा, स्वतः केलंय की उतरवलंय ते तोंडावर दिसतं. आणि शेवटचं, परीक्षेला ओळखायला द्यायच्या क्षाराच्या बाटल्यांचे नंबर आदल्या दिवशी लागतात, ते परीक्षेच्या सकाळी स्वतःच्या हातानं बदला, आणि कुणाला सांगू नका, मलासुद्धा नाही. हे वाक्य मी दरवर्षी म्हणतो. सगळे हसतात. बदलत कुणीच नाही.

त्या दिवशी सगळे गेल्यावर तू मागं थांबलीस आणि खिडकीजवळच्या टेबलावर हात ठेवून म्हणालीस, "मामा, हितंच मला सोनं सापडलं व्हतं." मला सगळं आठवलं. आठ वर्षांपूर्वीची तुझी पहिल्या वर्षाची परीक्षा. ढगळ पांढरा कोट, कुणाचा तरी मागून आणलेला. तू बाटलीतला क्षार पाण्यात विरघळवलास, त्यात आयोडाइड टाकलंस, पिवळाजर्द साका आला. मग ती नळी तापवलीस, पिवळं सगळं नाहीसं झालं, आणि थंड होताना त्यात सोनेरी कण चमकत खाली येऊ लागले. शिशाची ती खूण पुस्तकात एका ओळीची आहे, पण प्रत्यक्ष बघितली की विसरत नाही. तू परीक्षा विसरून ओरडलीस, "मामा, बघा की, सोनं!" बाहेरून आलेले परीक्षक खेकसले. सगळी प्रयोगशाळा हसली. मी हसलो नाही, आणि का हसलो नाही ते तुला आजवर सांगितलेलं नाही.

आता या परीक्षेचं. तू आठ वाजता आलीस, मायाबाईकडून चिकटपट्ट्या मागून घेतल्यास आणि आत जाऊन सगळ्या बाटल्यांचे नंबर बदललेस. मी सकाळभर पाण्याच्या टाकीच्या कामात अडकलो होतो. अकराला दहा मिनिटं कमी असताना मी आत आलो आणि बाटल्यांवर नवे कागद बघितले. पोरं दाराशी जमली होती. मी एक धुतलेला बीकर घेतला आणि तो पुन्हा धुवायला लागलो. पंधरा मिनिटं मी तोच बीकर धुतला, गौतमी.

पुढचं तूच बघितलंस. तीन उत्तरपत्रिकांमध्ये जुन्या नंबरांची उत्तरं. त्यांतल्या राजनंदिनीच्या बाटलीत होतं ॲल्युमिनियम आणि तिनं लिहिलं जस्त, आणि जस्ताच्या सगळ्या परीक्षणांची निरीक्षणं ओळीनं, सुवाच्य अक्षरात, जी कधी झालीच नव्हती. तिच्या टेबलावर परीक्षानळ्यांच्या स्टँडखाली ती चिठ्ठी सापडली. एकच शब्द, 'झिंक'. एका शब्दावरून हस्ताक्षर कुणाचं ओळखणार? तू माझ्याजवळ आलीस आणि विचारलंस, मामा, आदल्या दिवशी प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडं होती? मी म्हणालो, किल्लीच्या वहीत बघ. वहीत सही मायाबाईची. सही तिचीच असते, गेली तीन वर्षं, कारण वहीत सही करायचा मला कंटाळा आणि ती माझं कुठलंही काम नको म्हणत नाही. किल्ली खिशात माझ्या होती. मी खोटं बोललो नाही, असं त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं.

तुला आता समजलं असेल. तरी मला ते माझ्या हातानं लिहायचं आहे. चिठ्ठ्या मी ठेवल्या. या वर्षी तीन. आणि या वर्षीच नाही.

राजनंदिनी माझ्याच गावची, केंदूरची. मंगळवारी एसटी स्टँडवर भेटली. डोळे सुजलेले. चिठ्ठी कुणाची हे तिला माहीत नाही, म्हणून माझ्याजवळ मन मोकळं करायला बसली. म्हणाली, "मामा, मला येत व्हतं. माझं ॲल्युमिनियमच आलं व्हतं. पर चिठ्ठी दिसली आन् माझंच मला खोटं वाटाय लागलं. मी खोडलं." तू तिची उत्तरपत्रिका बघितली आहेस, त्यात खोडलेलं दिसलं असेल. उजेडात धरून पुन्हा बघ. पोरीनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं खरं उत्तर माझ्या एका शब्दासाठी पुसलं. गाडी आली, ती चढली, आणि मला खिडकीतून म्हणाली, "मामा, तुमी जेवून घ्या, तुमचा चेहरा उतरलाय." मी त्या गाडीत बसायचं सोडून स्टँडवरच बसून राहिलो.

आणि मायाबाई. सरांनी तिला सांगितलं, चौकशी होईपर्यंत येऊ नका. ती डबा घेऊन तशीच माझ्याकडे आली. "मामा, तुमी सांगा ना सरांस्नी. मी तसली न्हाई, तुमाला तर ठावं हाय." मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "बघू." मे महिन्यात मी निवृत्त होणार, निरोप समारंभाला शाल कुणी आणायची याची चर्चा चालू आहे, पेन्शनचे कागद पुण्याला गेलेत, आणि या सगळ्याकडे बघत मी त्या बाईला 'बघू' म्हणालो. आठ दिवस झाले त्याला. मी असा माणूस आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

चिठ्ठ्या का ठेवल्या, ते विचारशील. पैशासाठी नाही, कुणाचा चहासुद्धा प्यालो नाही. मी स्वतः बारावी सायन्स नापास. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला हात असे कापले की नळी फुटली आणि क्षार बेसिनमध्ये गेला. परीक्षकांनी दुसरा दिला नाही. त्याच कॉलेजात पुढं बाटल्या धुवायला लागलो. त्यामुळे परीक्षेला कुणाचे हात कापताना दिसले की मला माझी ती फुटलेली नळी आठवायची. पहिल्या वर्षी एका पोराच्या कानात सांगितलं. मग चिठ्ठी. मग दरवर्षी दोन-तीन. मला वाटायचं मी पुण्य करतोय. तुम्हा सहायकांना मी तिसऱ्या दिवशी नंबर बदलायला सांगायचो, तेही खरंच मनापासून, आणि आदल्या संध्याकाळी चिठ्ठ्याही ठेवायचो. एकाच माणसाला हे दोन्ही कसं जमतं ते मला सांगता येत नाही, पण जमत होतं.

खरं सांगायचं तर त्यातही एक खोट आहे, आणि ती या दौंडच्या ओसरीवर बसल्यावर माझ्या लक्षात आली. मी चिठ्ठी कुणाला ठेवायचो? ज्याला जमणार नाही असं मला वाटायचं त्याला. आणि ते मी कशावरून ठरवायचो? बागायतदाराच्या पोराला मी कधी चिठ्ठी ठेवली नाही, तो बावळट असला तरी. मागून आणलेला कोट, शिष्यवृत्तीच्या रांगेतलं नाव, वाडीवरून चालत येणारी पोर, कुणाची आई खुरपायला जाते, कोण विहाराच्या गल्लीतलं. राजनंदिनीचं नाव मोठं, पण तिच्या घरचं मला माहीत आहे. मी यांना गरीब बिचारे म्हणायचो. खरं म्हणजे यांना स्वतःहून येईल यावर माझा विश्वासच नव्हता. दया दया म्हणून मी तेहतीस वर्षं हेच केलं. हे वाचून तुला माझा राग येईल. यायलाच पाहिजे, गौतमी. तू गप्प बसू नकोस.

कस्तुराबाई काल म्हणाली, "दादा, तू भाकरी नुसती मोडतूस, खात न्हाईस. काय झालंय त्ये बोल." मी सगळं सांगितलं. ती शाळा न शिकलेली, तिला क्षार आणि साका काय कळणार. तिनं एकच विचारलं, "मंग ती बाई आठ दिस झालं घरी बसून काय खातीया?" मी भाकरी ताटात ठेवली. तिनं माझ्यापुढचं ताट उचललं नाही, पण वाढलंही नाही. मग मी कागद मागून घेतला, भाच्याच्या वहीतला, म्हणून या रेघा.

उद्या मी सकाळी पहिल्या गाडीनं निघतो आहे. अकराच्या आत सरांच्या टेबलावर माझा लेखी जबाब असेल, किल्ली, चिठ्ठ्या, वहीतली सही, सगळं. या तीन पोरांची नावं त्यांच्या हातात आहेतच, आधीच्या कुणाचं नाव मी घेणार नाही, कितीही विचारलं तरी. तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, माझ्यासाठी रदबदली करू नकोस. तू समोर बसलेली असशील, मला बघून तुला भरून येईल, मला तुझा स्वभाव माहीत आहे. तरी तक्रारीतला एक शब्द बदलू नकोस. बोलायचंच असेल तर राजनंदिनीसाठी बोल. तिला पुन्हा परीक्षा द्यायला मिळावी म्हणून ती खोडलेली ओळ दाखव. आणि मायाबाईच्या घरी तू स्वतः जा. मी जाईनच, पण तिनं मला दारात उभं केलं नाही तर ते बरोबरच होईल.

दुसरी गोष्ट, पुढच्या जुलैत नवी पोरं येतील. कोऱ्या वह्या, घाबरलेले चेहरे. सर दोन दिवस पडदा लावतील आणि तिसऱ्या दिवशी मागं वळून बघतील, तिथं मी नसेन. तो दिवस तू घे. गॅसची तोटी दाखव, हलणारं टेबल दाखव, नंबर बदलायला सांग. आणि माझ्या भाषणात नव्हतं ते एक वाक्य घाल. कापणारा हात दिसला तर त्याच्याजवळ जाऊन उभं राहा, वेळ द्या, पाणी द्या, दुसरी नळी द्या, पण उत्तर देऊ नका. हे कुणी सांगितलं असं विचारलं तर माझं नाव सांग, आणि मी काय केलं तेही सांग.

आता हे पत्र का लिहिलं ते. जबाब तर मी सरांना देणारच होतो, तुला वेगळं लिहायची गरज नव्हती. पण उद्या माझा जबाब वाचला जाईल, त्यात 'गेली अनेक वर्षे' असे शब्द असतील, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर तू मागं मोजत जाशील. आठ वर्षांपूर्वी सावळामामा होते. चिठ्ठ्या ठेवत होते. मी मागून आणलेल्या कोटात होते. मग माझे मार्क? लोकही म्हणतील, गौतमी मॅडमला तरी कुणी पास केलं? म्हणून ऐक. होय, मी तुलाही चिठ्ठी ठेवली होती. खिडकीजवळच्या टेबलावर, स्टँडखाली. त्यावर लिहिलं होतं 'जस्त', कारण त्या दिवशी घाईत माझ्या हातून दोन बाटल्यांची चुकून अदलाबदल झाली होती. तू सोनं म्हणून ओरडलीस तेव्हा मी नळीकडे बघितलं आणि माझी चूक मला कळली. आता ही पोर चिठ्ठी उघडेल आणि स्वतःचं खोडेल, असं वाटून मला तुझ्याकडे बघवत नव्हतं. परीक्षा संपल्यावर टेबल पुसताना ती चिठ्ठी मला सापडली. मी घातलेली घडी जशीच्या तशी, नुसती भिजलेली. तू ती बघितलीच नव्हतीस. माझं ऐकलं असतंस तर नापास झाली असतीस, पोरी. त्या दिवशीचं शिसं तुझं, सोनं तुझं, मार्क तुझे, पुढचं सगळं तुझं. यात माझा एका शब्दाचाही हात नाही, आणि तेहतीस वर्षांत मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा असेल तर याचा. हे माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याजवळ असावं, कुणी विचारलं तर दाखव. उद्या सकाळी तू येण्याआधी मी हे पत्र तुझ्या टेबलावर स्टँडखाली ठेवणार आहे, दुसरी जागा मला माहीत नाही. या वेळी घडीवर नाव लिहीन.

तुझाच, आणि आता लपून न राहिलेला,
सावळामामा
(सावळाराम ज्ञानदेव साकोरे, प्रयोगशाळा परिचर)